पुन्हा तसाच कसा भेटला? व्यसनी किंवा मानसिक आजार असलेल्या जोडीदाराची ओढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला एका शाळेच्या वर्गात आम्ही काही जण रविवारी सकाळी जमतो. बाकं पहिलीच्या मुलांची, त्यामुळे बसलं की गुडघे छातीला लागतात. येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी असतो : पिणाऱ्याची बायको, बायपोलर मुलीचा मित्र, गर्दचं व्यसन सोडलेल्या मुलाशी लग्न ठरलेली मुलगी. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. बारा वर्षं त्या बाकावर बसते आहे आणि त्याआधी दोनदा याच खड्ड्यात पडून झालंय, एवढंच माझं शिक्षण. व्हॉट्सॲपवर लोक जे विचारतात ते इतकं सारखं असतं की शेवटी उत्तरं एका जागी लिहून काढली. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. औषधं आणि कायदा यांविषयी जे लिहिलंय ते डॉक्टरांना, वकिलांना काय विचारायचं हे ठरवण्यापुरतं वाचा.

१. पहिला दारू प्यायचा, दुसऱ्याला डिप्रेशन, आता तिसरा गांजावाला निघाला. मला असेच का आवडतात? माझ्यातच काही खोट आहे का?

आधी हिशेब. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी साधारण दहांतल्या एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार किंवा व्यसनाचा त्रास असल्याचं दिसलं. म्हणजे आयुष्यात असे दोन भेटणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. तीन झाले, चार झाले आणि दर वेळी तुमच्या वाट्याला तेच काम आलं, तर मात्र थांबून बघायला हवं.

'काम' हा शब्द मुद्दाम वापरला. आजार कुणालाच आवडत नाही. आवडते ती आजारी माणसाशेजारची आपली जागा. तिथे आपल्याला मान असतो, आपल्यावाचून पान हलत नाही, आणि 'तू स्वतः कशी आहेस' असं कुणी विचारत नाही. बऱ्याच जणींना ते न विचारणंच सोयीचं पडतं. (जणांनाही. पाहा प्रश्न १२.) 'तू नसतीस तर माझं काय झालं असतं' हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या पुरुषांच्या तोंडून ऐकलंय. दोन्ही वेळा आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

शिवाय दुखावलेला माणूस पटकन मन उघडं करतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासाभरात वडिलांच्या जाण्यापासून नोकरी सुटण्यापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. आपण त्याला जवळीक समजतो. त्या तासाभरात त्यानं तुम्हाला काय काय विचारलं, ते जरा आठवून बघा.

२. पण मला सुरुवातीला काही माहीतच नव्हतं. मग 'तू असे निवडतेस' असं लोक कसं म्हणतात?

पुष्कळदा खरंच माहीत नसतं. बायपोलर आजारात मन कधी फार चढतं, कधी पार खचतं. माणूस चढत्या अवस्थेत असेल तर तो इतका लोभस असतो की विचारू नका. तीन तास झोप, अखंड गप्पा, भारी भेटवस्तू, दुसऱ्या आठवड्यात लग्नाची गोष्ट. हे लक्षण आहे हे ओळखायला डॉक्टरांनाही वेळ लागतो. फसलात म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका.

दुसरा प्रकार मात्र माझाच सांगते. माटुंग्याच्या एका उडुप्याकडे सकाळी अकराला मी, माझी मैत्रीण आणि 'तो' असे बसलो होतो. कॉफी आली. वाटीतून पेल्यात ओतताना त्याचा हात थरथरत होता. मी काही न बोलता पेला धरला. जाताना मैत्रीण म्हणाली, "अगं, सकाळी अकराला हात कापतोय त्याचा." हात दोघींनी पाहिला होता. तिला त्यात धोक्याची सूचना दिसली, मला काम दिसलं. पुढची चार वर्षं मी तो पेला धरून होते.

३. माझे वडील प्यायचे. म्हणून माझ्या नशिबी हेच लिहिलंय का?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. वडील आधीही प्यायचे, पण पगाराच्या दिवशी. संपात पगाराचा दिवसच उरला नाही, मग रोजचं झालं. लालबागच्या आमच्या खोलीत मला एक विद्या लवकर अवगत झाली : चपला वाचायची. प्यायले असले की ते चपला जोडून, भिंतीला समांतर, अगदी नीट ठेवायचे. शुद्धीत असले की भिरकावून द्यायचे. नीट ठेवलेल्या चपला दिसल्या की मी धाकट्याला घेऊन गॅलरीत जायची. आजही कुणाच्या घरी गेले की माझं लक्ष आधी चपलांकडे जातं.

अशी विद्या अंगात मुरली की पुढे ती वापरायला जागा शोधते. शांत घरात तिचं काय करायचं ते कळत नाही. लहानपणी जवळच्या माणसांशी जसं नातं जुळलं त्याची सावली मोठेपणीच्या प्रेमावर पडते, असं मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून मांडत आले आहेत. पण सावलीच ती. आम्ही तिघं भावंडं, तीच खोली, त्याच चपला. थोरल्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही, धाकट्याचा संसार माझ्या दृष्टीनं कंटाळवाणा म्हणावा इतका सुखाचा आहे. तिघांत एकटी मीच त्या वाटेला गेले.

४. चांगला मुलगा भेटतो, वेळेवर फोन करतो, सांगितलेल्या वेळी येतो, आणि मला काहीच वाटत नाही. 'स्पार्क'च नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

१९७४ साली कॅनडात डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खोल दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर आणि दुसऱ्या एका भक्कम पुलावर एका तरुणीनं पुरुषांना प्रश्नावली भरायला दिली आणि स्वतःचा फोन नंबर दिला. झुलत्या पुलावरच्या पुरुषांनी नंतर जास्त फोन केले. भीतीनं छाती धडधडत होती, श्रेय मिळालं मुलीला. आपलंही असंच होतं. फोन लागत नाही, कुठे असेल, कुणाबरोबर असेल, पुन्हा घेतली तर नसेल, या काळजीनं जी धडधड होते तिला आपण प्रेमाचं नाव देऊन टाकतो. वेळेवर फोन करणाऱ्याच्या बाबतीत धडधडायला कारणच मिळत नाही.

दुसरी गोष्ट अनियमिततेची. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर दाखवलं की दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग बंद झाला तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. मुंबईकराला कबुतर कशाला हवं, बेस्टचा स्टॉप आहे. नेमानं येणारी बस एक दिवस आली नाही की आपण रिक्षा करतो. कधी पाच मिनिटांत तर कधी पाऊण तासानं येणारी बस असेल तर आपण उभेच राहतो, कारण आता सोडलं आणि पुढच्याच क्षणी आली तर? व्यसनी माणसाचे चांगले दिवस असेच येतात. आणि त्या दिवसांत तो खरंच चांगला असतो, हीच तर पंचाईत.

तेव्हा त्या वेळेवर येणाऱ्या मुलाला पहिल्याच भेटीत नापास करू नका. चार-पाच भेटी होऊ द्या. पण औषध म्हणून कुणाशी लग्नही करू नका. न आवडणाऱ्या सज्जनाशी लग्न केलं तर त्याचं वाटोळं होतं, आणि त्याचा काहीच गुन्हा नसतो.

५. इंटरनेटवर वाचून कळलं की मला 'कोडिपेंडन्सी' आहे. यावर गोळ्या आहेत का?

नाहीत, कारण मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांत असा आजारच नाही. कोडिपेंडन्सी म्हणजे दुसऱ्याचं व्यसन किंवा आजार सांभाळण्यातच स्वतःला गुंतवून टाकणं. हा शब्द अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती केंद्रांतून, मुख्यतः दारूड्यांच्या बायकांसाठी, रूढ झाला. स्वतःकडे बघायला तो उपयोगी पडतो, पण मला त्याचा थोडा राग आहे. भाड्याची खोली सासऱ्याच्या नावावर, माहेरी भावजय दारात उभं करत नाही, पोराची फी भरायची आहे, म्हणून जी बाई नवऱ्याच्या खिशातले पैसे काढून लपवते तिला 'कोडिपेंडंट' म्हणणं म्हणजे दुखणं एकाचं आणि पट्टी दुसऱ्याला. शब्द वापरण्याआधी विचारा : तिला निघता येतं आहे आणि ती निघत नाहीये, की तिला निघायला जागाच नाहीये?

६. मला स्वतःला ॲन्झायटी आहे, त्याला डिप्रेशन. निदान आम्ही एकमेकांना समजून तरी घेतो. यात चूक काय?

चूक काही नाही, आणि तुम्ही एकट्याही नाही. स्वीडनच्या नोंदवह्यांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक आजार असलेल्यांचे जोडीदारही आजारी असण्याचं प्रमाण योगायोगापेक्षा बरंच जास्त आहे, असं त्यात दिसलं. कारणं अनेक असू शकतात. सारखा सारख्याला ओळखतो, एकत्र राहून ताण वाटला जातो, आणि निरोगी म्हणवणारे आधीच बाजूला होतात.

एक पथ्य पाळा. दोघांचे डॉक्टर वेगळे ठेवा आणि एकाची गोळी दुसऱ्यानं घेऊ नका. हसू नका, 'त्याच्या झोपेच्या गोळीतली अर्धी' घेणारी जोडपी मी मोजायची सोडून दिली. आणि दोघंही एकदमच खचले तर फोन कुणाला करायचा, ते बरं असताना ठरवा.

७. म्हणजे मानसिक आजार किंवा व्यसन असलेल्या माणसाशी नातं जोडूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?

अजिबात नाही. हे पान वाचून ज्यांना आजार आहे असेही लिहितात, आणि त्यांचा राग रास्त असतो. "तुमच्या लेखी आम्ही म्हणजे नुसता इशारा," असं एकानं लिहिलं होतं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, व्यसनातून बाहेर पडलेली माणसं, सगळ्यांचे सुखाचे संसार मी पाहिलेत.

मी बघते ते एवढंच : उपचार कोणाच्या हातात आहेत. आजाराचं नाव काय हा दुसरा प्रश्न.

दोन घरं सांगते, दोन्हीकडे बायपोलर. एक ठाण्याचे गृहस्थ. लिथियमवर आहेत. लिथियम घेणाऱ्याला रक्तातली पातळी अधूनमधून तपासावी लागते, कारण औषधाचा उपयोग आणि त्याची बाधा यांत अंतर थोडंच असतं. यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खुणांच्या शेजारी लाल पेनानं 'रक्त' असं लिहिलेलं असतं, त्यांच्याच अक्षरात. झोप दोन रात्री कमी झाली की ते स्वतः बायकोला सांगतात, "क्रेडिट कार्ड तुझ्याकडे ठेव." लग्नाआधी त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं आणि बाहेर बसून राहिले होते, तिला हवं ते विचारता यावं म्हणून.

दुसरं घर. गोळी शिऱ्यात कुस्करून घालते बायको. केसपेपर तिच्या पर्समध्ये, ओपीडीच्या रांगेत ती, डॉक्टरांशी खोटं बोलते ती, ऑफिसात ताप आल्याचं कळवते ती. नवऱ्याच्या मते त्याला काही झालेलंच नाही.

आता यात एक मेख आहे आणि ती न सांगणं अन्यायाचं होईल. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात 'मला काही झालेलं नाही' असं वाटणं हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. तेव्हा तीव्र अवस्थेत कुणीतरी दुसऱ्यानं सूत्रं हातात घेणं भागच असतं. प्रश्न त्यानंतरचा आहे. उतार पडल्यावर गोळ्यांचा डबा त्याच्या हातात परत जातो का? आणि तुम्ही तो जाऊ देता का? (दुसऱ्या प्रश्नासाठी प्रश्न १७ पाहा.)

८. त्याच्या आईचं म्हणणं, "लग्न झालं की सुधारेल, जबाबदारी पडली की सुटेल." असं होतं का?

आजवर एकाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'लग्न, दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्या माउली थकलेल्या असतात आणि पाळी बदलणारी शोधत असतात. त्यांच्याशी गोड बोला. मुलाला एकट्याला भेटून विचारा : काय होतं, कधीपासून, कुठले डॉक्टर, शेवटचं कधी गेला होतास. उत्तर आईनं दिलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

९. त्यानं व्यसन सोडून चार महिने झाले. एकही स्लिप नाही, मध्ये एकदाही घेतली नाही. आता होकार देऊ का?

चार महिने हे कौतुकाचंच आहे. पण व्यसनमुक्तीच्या गटांत एक जुना सल्ला फिरतो : पहिलं वर्ष नवं नातं नको. नियम कुठे छापलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. नवं प्रेम ही स्वतःच एक नशा असते आणि ती उतरली की माणूस जुनी शोधतो. शिवाय पहिल्या वर्षात तो स्वतःलाच नव्यानं ओळखत असतो.

वर्षभर थांबणं जमत नसेल तर निदान हे बघा : तुम्ही भेटायला लागल्यापासून त्याच्या गटाच्या मिटिंगा वाढल्या की कमी झाल्या? "आता तू आहेस, मिटिंगची काय गरज" हे वाक्य ऐकायला प्रेमळ आहे. ते ऐकलं की मला घाम फुटतो.

१०. लोकलच्या डब्यात 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' असे स्टिकर असतात. चहातून देऊ का?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

त्या पुड्यांत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे आणि काही बायका ते केमिस्टकडून आणून आमटीत घालतात. ते पोटात असताना दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं. तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित माणूस जातोही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणूनच ते फक्त रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून देतात.

तसंच रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊन माणूस बरळायला लागतो. हे जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत.

११. मग त्याला उपचाराला न्यायचं कसं? तो तर म्हणतो, "मी काय बेवडा आहे का?"

भांडून नाही, आणि नातेवाइकांना गोळा करून त्याला मध्ये बसवूनही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनींच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवून बघितल्या. सगळ्यांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीनं सुमारे ३० टक्के रुग्ण उपचाराला आले. घरच्यांनी स्वतःची वागणूक बदलण्याच्या, 'क्राफ्ट' नावाच्या पद्धतीनं ६४ टक्के. या पद्धतीचं सार साधं आहे : तो न पिता असेल तेव्हा जवळ बसा, आवडीचं जेवा, बोला. प्यायला की शब्द न वाढवता उठून दुसऱ्या खोलीत जा. (एकच खोली असेल तर शेजारणीकडे. आमच्याकडे हेच जास्त चालतं.) त्यानं केलेली घाण तुम्ही पुसू नका, ऑफिसात खोटा फोन करू नका. आणि तो खचलेला, ओशाळलेला असेल त्या सकाळी पत्ता हातात तयार ठेवा.

पत्ते असे : केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. वांद्र्याची कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसनमुक्तीचं काम करते, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून, आणि मुंबईतून तिथे जाणारे पुष्कळ आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट. त्याच्या बैठका मुंबईभर होतात, फी नसते. घरच्यांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अनॉनच्या बैठकाही होतात. तिथलं सूत्र असं : हे मी घडवलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मला बरं करता येणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते निर्दय वाटलं होतं.

१२. मी पुरुष आहे. माझ्या आधीच्या दोन्ही मैत्रिणी हात कापून घेणाऱ्या होत्या. सगळीकडे बायकांबद्दलच लिहिलेलं असतं. आमचं काय?

तक्रार मान्य. आमच्या बाकांवर पुरुष कमी बसतात, पण जे बसतात ते तुमच्यासारखंच बोलतात. फरक एवढाच की बाईला 'सोसणारी' म्हणून मान मिळतो आणि पुरुषाला 'तारणहार' म्हणून. एक मुलगा म्हणाला होता, "रात्री तीनला विरारहून टॅक्सी करून गेलो की मला हिरो झाल्यासारखं वाटायचं. सकाळी ऑफिसात झोपायचो." उत्तर १ आणि ४ तुम्हाला जसंच्या तसं लागू आहे, पुरुषाचं पुरुषाशी किंवा बाईचं बाईशी नातं असेल तरीही.

त्या मुलींबद्दल एक. स्वतःला इजा करणं, पराकोटीची जवळीक आणि लगेच पराकोटीचा तिरस्कार, हे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात दिसतं, आणि त्यावर खास विकसित केलेली मानसोपचार पद्धती आहे. वर्षानुवर्षांच्या पाहणीत बहुसंख्य रुग्णांची लक्षणं बरीच कमी झालेली आढळली आहेत. तुमच्या टॅक्सीपेक्षा ती पद्धती कामाची.

१३. "सोडून गेलीस तर जीव देईन," असं म्हणतो. खरंच काही केलं तर?

धमकी आहे की खरं, हे तुम्ही ठरवू नका. दर वेळी खरं धरा, पण त्यावर उपाय म्हणून नात्यात राहू नका. त्याच्या घरच्या कुणाला तरी तिथल्या तिथे कळवा. त्याला एकटं ठेवू नका असं सांगा, गोळ्या, कीटकनाशक, धारदार वस्तू जवळ नसू देत. जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, किंवा ११२ ला फोन करा. १४४१६ हा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतः खचला असाल तरी तोच क्रमांक लावा.

पोलिसांच्या भीतीनं रुग्णालय टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

१४. मारतो, पण फक्त प्यायल्यावर. एरवी देवमाणूस आहे.

प्यायल्यावर तो साहेबाला मारतो का? हवालदाराला? नाही ना. मग त्या अवस्थेतही कुणाला मारायचं हे त्याला कळतंय.

व्यसनाचा उपचार आणि मारहाण हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यासाठी वाट बघता येते, दुसऱ्यासाठी नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो. कागदपत्रं आणि थोडे पैसे आजच मैत्रिणीकडे ठेवा.

१५. लग्नानंतर कळलं की त्याच्या गोळ्या आठ वर्षांपासून चालू आहेत. लपवून लग्न लावलं. आता?

हिंदू विवाह कायद्यात फसवून मिळवलेल्या संमतीचं लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि कळल्यावर तुम्ही राजीखुशीनं एकत्र राहिलेल्या नसाल तरच. म्हणून वकिलाकडे जायचं तर लवकर. घटस्फोटाचा मार्ग वेगळा. तिथे नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. तो इतक्या प्रमाणात आहे का की एकत्र राहणं शक्य नाही, हे बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे.

पण वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जाण्याआधी एक बघा : लपवलं कोणी? मामांनी आणि आईनं, की त्यानं? मी अशी एक मुलगी पाहिली जिला नवऱ्यानं पहिल्या रात्री स्वतः सांगितलं, "मला वाटलं तुला माहीत आहे." त्यालाही फसवलं होतं. ती दोघं अजून एकत्र आहेत.

१६. मुलांना होईल का?

शक्यता वाढते, खात्री नसते. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरांतल्या एकाला होतो. एका पालकाला असेल तर शंभरांत दहाच्या आसपास. म्हणजे उरलेल्या नव्वदांना होत नाही. आजार स्त्रीला असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला घातक असतात. मनानं गोळ्या बंद करणं तितकंच वाईट.

१७. तो बरा झाला. चौदा महिने झाले, थेंब नाही. आणि आता मला तो आवडेनासा झालाय. मी वाईट बाई आहे का?

हे मोठ्यानं विचारायला धाडस लागतं. बहुतेक जणी बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळूच विचारतात.

वाईट नाही. तुमची नोकरी गेली आहे. एक बाई होत्या, भांडुपच्या. नवऱ्याचा पगार, एटीएम कार्ड, पोरांची शाळा, सासूचं इंजेक्शन, सगळं अठरा वर्षं यांच्याकडे. वर्षभर सोबर राहिल्यावर एक दिवस तो सहज म्हणाला, "कार्ड दे, गॅसचं बिल मी भरतो." त्यांनी कार्ड दिलं आणि मोरीचा नळ मोठा सोडून रडल्या. आम्हाला सांगताना म्हणाल्या, "इतकी वर्षं हेच मागत होते मी देवाकडे. आणि मिळालं तर वाटलं, मला घराबाहेर काढलं."

शिवाय सोबर माणूस हा नवाच माणूस असतो. त्याला मतं असतात. भाजीत मीठ कमी आहे हे त्याला कळायला लागतं. ज्याच्यावर दया केली त्याच्यावर रागवायची मुभा आता मिळते, आणि अठरा वर्षांचा राग एकदम वर येतो. तो येऊ द्या. एवढ्यात घटस्फोटाचा किंवा दुसऱ्या मधुचंद्राचा निर्णय घेऊ नका. जमल्यास दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. त्यातून कधीकधी असंही निघतं की आता खरंच काही उरलेलं नाही. तेही चालतं. बरा झालेल्या माणसाला सोडायची परवानगी नाही, असं कुठे लिहिलंय?

भांडुपच्या बाई अजून येतात. रात्री दीडला त्यांना जाग येते, पूर्वी दार वाजायचं ती वेळ. नवरा शेजारी घोरत असतो. मग उगाच उठून कडी बघून येतात. परवा त्यांनी विचारलं, आता त्या वेळेचं करायचं काय? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पाणी प्या आणि झोपा हो." सगळे हसलो, त्याही. मग म्हणाल्या, "पाणी तर रोजच पिते. झोपेचं बघते."